रुळांकडे तोंड करून बसलेलं हॉटेल: न्यू मेक्सिकोतल्या लास वेगासमधले चार दिवस

बाबांना रेल्वेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. तरी स्टेशनात गाडी शिरली की त्यांची नजर आधी शेवटच्या डब्याकडे जाते. मालगाडीचे गार्ड होते ते, आणि नोकरीतली निम्मी वर्षं इगतपुरीत गेली. गाडीत बसले की खिशातली छोटी डायरी निघते आणि प्रत्येक स्टेशनची वेळ तिच्यात उतरते. गेल्या ऑक्टोबरात दादाकडे शिकागोला गेलो, तेव्हा दादाने नायगरा, न्यूयॉर्क अशी यादी वाचून दाखवली. बाबांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि मला म्हणाले, "मला एखादं रेल्वेचं गाव दाखव. छोटं. गाडी थांबायची म्हणून वाढलं असं."

म्हणून लास वेगास. जुगाराचं लास वेगास नेवाडा राज्यात, ते १९०५ साली वसलं. आम्ही गेलो ते न्यू मेक्सिकोतलं, सत्तर वर्षं आधीचं. १८३५ साली, इथे मेक्सिकोची सत्ता असताना, काही कुटुंबांना नदीकाठची जमीन मिळाली आणि गाव उभं राहिलं. 'लास वेगास' म्हणजे स्पॅनिशमध्ये कुरणं. तिकीट काढताना स्टेशनचा कोड एलएसव्ही आहे एवढं दोनदा बघून घ्या, म्हणजे झालं.

पहिला दिवस: घाट चढून

शिकागोहून साउथवेस्ट चीफ दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला लास वेगासला पोचते. कॅन्सस रात्रीत मागे पडलं. सकाळी कोलोरॅडोतलं ट्रिनिडाड गेलं आणि गाडीचा आवाज बदलला. बाबा काचेच्या डब्यात जाऊन बसले होते. "चढ लागला," म्हणाले. रॅटनचा घाट. माथा ७,५८८ फुटांवर. बाबांनी शेजारच्या माणसाला विचारायला लावलं, की इथे बँकर लावत होते का. आपल्याकडे कसाऱ्याला मागून जादा इंजिन लावतात आणि इगतपुरीला काढतात, तसं. तो माणूस निघाला रेल्वेचाच निवृत्त मेकॅनिक! वाफेच्या काळात इथे दोन-दोन इंजिनं जास्तीची लागायची, असं त्याने सांगितलं आणि पुढचा तासभर मी नुसती दुभाष्याचं काम करत होते.

बोगद्यातून बाहेर आलं की रॅटन गाव. इथे गाडी थोडा वेळ थांबली तेव्हा मी बाबांना फ्रेड हार्वेची गोष्ट सांगितली, कारण ती माहीत नसेल तर लास वेगास कळत नाही.

हार्वे मूळचा लंडनचा, १८५० साली पोरसवदा वयात अमेरिकेत आला. त्या काळात गाडीत जेवण मिळत नसे. इंजिन पाण्यासाठी थांबलं की उतारूंनी धावत जाऊन शिळं मांस नि कडवट कॉफी पोटात ढकलायची, आणि पैसे देईस्तोवर शिट्टी. हार्वेने १८७६ साली सँटा फे रेल्वेशी बोलणी करून टोपिका स्टेशनात स्वच्छ टेबलक्लॉथ घातलेली खाणावळ काढली. ती चालली, आणि रेल्वे पश्चिमेकडे सरकत गेली तशी दर शेदीडशे मैलांवर एकेक निघत गेली. १८८३ साली याच रॅटनमधले भांडखोर वेटर त्याने एका दमात काढून टाकले आणि तरुण मुली नेमल्या. काळा पोशाख, पांढरा कडक ॲप्रन, राहायला जागा, जेवण आणि महिना साडेसतरा डॉलर. हार्वे गर्ल्स म्हणतात त्यांना.

मराठीत आपण खायच्या जागेलाही हॉटेल म्हणतो आणि राहायच्या जागेलाही. परदेशी लोकांना ते समजावताना मला नेहमी त्रास होतो. हार्वेच्या बाबतीत मात्र आपलाच शब्द बरोबर बसतो. त्याची सुरुवात खाण्यापासून झाली आणि खोल्या मागाहून आल्या.

लास वेगासला उतरलो तर समोर हॉटेल. म्हणजे अक्षरशः समोर: फलाटावरून पन्नास-साठ पावलं. हार्वेच्याच हॉटेलांपैकी एक, नाव कास्टान्येदा. हे नाव एका स्पॅनिश शिपायाचं, सोळाव्या शतकात कोरोनादो या स्पॅनिश सरदाराची मोहीम इकडून गेली तिची हकिगत त्याने लिहून ठेवली. इमारत १८९८ सालची. लांबलचक कमानींचा व्हरांडा, दोन बाजूंना पंख पसरल्यासारख्या ओवऱ्या, मध्ये अंगण. गंमत अशी, की ते अंगण, ती दर्शनी कमान, ते सगळं रुळांकडे आहे. गावाकडे पाठ! बाबा सामान खाली न ठेवता उभेच राहिले. "गिऱ्हाईक या बाजूनं येणार, मग तोंड या बाजूलाच हवं," एवढंच म्हणाले.

खोली मोठी, छत उंच, खिडकीतून रूळ. संध्याकाळी सहानंतर एकदम गारठलं. गाव साधारण ६,४०० फुटांवर आहे, पहिल्या दिवशी जिना चढताना धाप लागते. पाणी भरपूर प्यावं आणि ऑक्टोबरातही जाड स्वेटर जवळ ठेवावा.

जेवायला गावातल्या एका घरगुती खाणावळीत गेलो. तिथे पहिला प्रश्न: लाल की हिरवी? मिरचीची चटणी कुठली घालू, असा त्याचा अर्थ. न्यू मेक्सिकोच्या विधिमंडळाने १९९६ साली हा राज्याचा अधिकृत प्रश्न ठरवलाय. दोन्ही हव्या असतील तर 'क्रिसमस' म्हणायचं. भाजलेल्या हिरव्या मिरचीचा वास थेट आपल्या ठेच्याचा, फक्त लसूण कमी. बाबांनी ती दोनदा मागून घेतली. सोबत सोपापिया म्हणून टम्म फुगलेली चौकोनी पुरी आली, तिचा कोपरा फोडून आत मध घालायचा. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं: घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते आणि लाल चटणीत मांसाचे तुकडे. विचारलं तर नीट सांगतात, कुणी वाईट मानत नाही.

दुसरा दिवस: एका नावाची दोन गावं

सकाळी सातला बाहेर चार अंश तापमान. नाश्त्याला शेजारच्या टेबलावर ऐंशीच्या आसपासच्या एक आजी होत्या. बाबा कॉफीचा कप बशीत पालथा घालून कुणीतरी यायची वाट बघत होते. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्हाला चहा मिळणार." मग त्यांनी आमचे कप स्वतःकडे ओढून सगळी खूण दाखवली. बशीत सुलटा कप म्हणजे कॉफी. पालथा घातला तर गरम चहा. पालथा, पण बशीच्या कडेला तिरका टेकवला तर बर्फाचा चहा. आणि बशीतून काढून बाजूला पालथा ठेवला तर दूध. हार्वेकडची एक मुलगी ऑर्डर घेताना कप असे लावून जायची. मागून किटल्या घेऊन येणारी दुसरी एक शब्द न विचारता बरोबर ओतायची. उतारूंना वाटायचं जादू आहे. आजींची मावशी दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत कास्टान्येदात कामाला होती. सैनिकांच्या गाड्या येत, तेव्हा या मुली भाजलेल्या पावाच्या थप्प्या लावत, पाय सुजेपर्यंत.

अर्ध्या तासात गाडीभर माणसं जेवून उठायची कशी, हा बाबांचा प्रश्न होता. तारेवर, हे उत्तर. गाडीतच विचारून घ्यायचे, की किती जण टेबलावर बसणार आणि किती काउंटरवर. पुढच्या स्टेशनाला तार जायची. गाडी शिट्टी देत जवळ आली की इकडे पहिलं वाढप टेबलावर मांडून तयार, आणि उतारू खाली आले की दारात घंटा. बाबांनी मान डोलावली. त्यांना हे कागदावर काढून दाखवायची गरज नव्हती.

नाश्त्यानंतर पायीच जुन्या गावाकडे निघालो. अंतर मैलभर, पण इतिहासात ते फार मोठं. ४ जुलै १८७९ ला इथे पहिली गाडी आली, आणि रेल्वेने स्टेशन जुन्या चौकापासून दूर, नदीच्या पलीकडे बांधलं. स्टेशनाभोवती इंग्रजी बोलणाऱ्यांचं नवं गाव झालं, चौकाभोवती स्पॅनिश बोलणाऱ्यांचं जुनं राहिलं. दोन्हींचा कारभार वेगळा, आणि हे असं थेट १९७० पर्यंत. मध्ये गयीनास नदी, आपल्या ओढ्याएवढी. काठच्या कॉटनवूडच्या झाडांची पानं पिवळीधमक झाली होती.

चौकात पोचलं की उत्तरेला प्लाझा हॉटेल दिसतं. तीन मजली, विटांचं, उंच खिडक्या नि वर नक्षीदार शिरोभाग. १८८२ साली बेनिग्नो रोमेरो आणि त्याच्या भागीदारांनी ते बांधलं. माझ्या मते या गावातली सगळ्यात मानी इमारत हीच. स्टेशन पलीकडे गेलं, धंदा पलीकडे चालला, तेव्हा चौकातल्या लोकांनी मातीच्या बैठ्या घरांमध्ये हे तीन मजले उभे केले, की पाहुण्याने ट्रॅम धरून इकडे यावं. ट्रॅम म्हणजे घोड्यांची, स्टेशन ते चौक. याच चौकातल्या एका घराच्या छतावर उभं राहून १८४६ च्या ऑगस्टमध्ये जनरल कर्नीने जाहीर केलं होतं, की हा मुलूख आता अमेरिकेचा.

प्लाझाची विटांची भिंत नीट बघा. 'हॉटेल रोमेन' अशी पुसट अक्षरं अजून दिसतात. मूकपटांच्या जमान्यात, १९१३ साली, रोमेन फील्डिंग नावाच्या नट-दिग्दर्शकाने हॉटेल भाड्याने घेतलं आणि स्वतःचं नाव दिलं. तो गेला, रंग राहिला. ऊन तिरपं असताना अक्षरं जास्त स्पष्ट वाचता येतात, म्हणून आम्ही दुपारी परत एकदा गेलो.

परतताना ग्रँड अव्हेन्यूवरचं नगर संग्रहालय बघितलं. स्पेनशी युद्ध झालं तेव्हा थिओडोर रूझवेल्टच्या रफ रायडर्स पलटणीत न्यू मेक्सिकोतले खूप जण होते. त्यांचं पहिलं स्नेहसंमेलन १८९९ च्या जूनमध्ये इथे भरलं आणि रूझवेल्ट त्यासाठी कास्टान्येदात आला. हॉटेल तेव्हा जेमतेम वर्षाचं होतं. दोन वर्षांत तो राष्ट्राध्यक्ष झाला.

मग हे सगळं ओस का पडलं? ग्रँड अव्हेन्यूवरून चालताना त्याचं उत्तर पायाखालीच मिळतं. १९०८ साली सँटा फेने दक्षिणेकडून, बेलेनमार्गे, कमी चढाचा रस्ता काढला आणि मालगाड्या तिकडे वळल्या. रॅटनचा घाट त्यांना नकोच होता. गाडीतच जेवणाचे डबेही वाढत गेले. मग मोटारी आल्या. त्यांच्यासाठी १९२० च्या दशकात गावात मेडोज हॉटेल झालं, पुढे त्याचं एल फिडेल. मग रस्त्याकडेची मोटेलं, ज्यांच्या निऑनच्या पाट्या अजून आहेत. डिझेल इंजिन आल्यावर पाण्यासाठी थांबायचंही कारण उरलं नाही. कास्टान्येदा १९४८ साली बंद झालं. महामार्ग तर गावाच्या कडेने सरळ निघून जातो.

बाबा हे ऐकून बराच वेळ गप्प होते. इगतपुरीला डीसीचं इंजिन काढून एसीचं लावायचे, तेवढ्या वेळात फलाटावर वड्यांच्या पाट्या रिकाम्या व्हायच्या. विजेचा प्रवाह सगळीकडे एक झाला आणि इंजिन बदलणं संपलं. "आमच्या फलाटावरचे विकणारे गेले कुठं, ते मी कधी विचारलंच नाही," म्हणाले.

तिसरा दिवस: जळून पुन्हा उभं राहिलेलं

मॉन्टेझुमा हे ठिकाण लास वेगासपासून सहा मैलांवर. आदल्या दिवशी ठरवलेली गाडी आलीच नाही, फोनही कुणी उचलेना. इथे रिक्षा-टॅक्सीच्या भरवशावर राहू नये. अल्बुकर्कीहून मोटार भाड्याने घेऊन येणं उत्तम. आम्हाला नशिबाने कालच्या आजी भेटल्या. "बसा," म्हणाल्या, आणि जुन्या पिकअपमध्ये बाबा पुढे, मी मागच्या अरुंद बाकावर.

वाटेत त्यांनी डोंगरांकडे बोट दाखवलं. हिरव्यात मोठमोठे काळे पट्टे. २०२२ साली वनखात्याने मुद्दाम लावलेल्या, नियंत्रणात ठेवायच्या आगी हाताबाहेर गेल्या आणि जवळजवळ ३ लाख ४१ हजार एकर पेटलं, राज्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा वणवा. नंतरच्या पावसात राख नदीत आली आणि गावाच्या पिण्याच्या पाण्याचे हाल झाले. आजींनी तेव्हा दोन पेट्या भरून दाराशी ठेवल्या होत्या. एकीत कागदपत्रं, दुसरीत मावशीचा ॲप्रन.

मॉन्टेझुमाचं हॉटेल आगीतूनच घडलंय. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी रेल्वेने १८८२ साली इथे भव्य हॉटेल काढलं, त्यासाठी वेगळा फाटा टाकला. १८८४ च्या जानेवारीत ते जळालं. दुसरं बांधलं, तेही १८८५ साली जळालं. तिसरं १८८६ साली उभं राहिलं, त्याचं नाव फीनिक्स ठेवलं. आराखडा शिकागोच्या बर्नहॅम अँड रूट यांचा. लाल दगड, टोकदार बुरूज, टेकडीवर किल्ल्यासारखं. पण १९०३ पर्यंत तेही बंद. नंतर तिथे मेक्सिकोतून आलेल्या धर्मगुरूंचं विद्यालय होतं, आणि १९८२ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज.

हो, तेच! आपल्या मुळशीच्या पौडजवळ ज्यांचं कॉलेज आहे ते. आम्हाला इमारत दाखवणारी मुलगी सतरा वर्षांची, केनियाची. मी पौडचं नाव घेतल्यावर ती उडालीच. तिची मैत्रीण तिथे शिकत होती आणि मैत्रिणीने पाठवलेला सह्याद्रीतल्या पावसाचा व्हिडिओ तिने बाबांना दाखवला. अमेरिकेच्या डोंगरात, एका रेल्वे हॉटेलच्या जुन्या दिवाणखान्यात, केनियाच्या मुलीच्या फोनवर मुळशीचा पाऊस. बाबांनी तो तीन वेळा बघितला. इमारत आतून बघायची तर आधी कॉलेजशी संपर्क करून वेळ ठरवावी लागते, थेट जाऊन आत सोडत नाहीत.

झरे मात्र रस्त्याकडेलाच आहेत, पैसे लागत नाहीत. पोहण्याचे कपडे सक्तीचे. दगडी हौदांमध्ये पाणी कमी-जास्त गरम असतं, आधी बोट बुडवून बघा. बाबा काठावर बसून गुडघ्यापर्यंत पाय सोडून होते. पलीकडच्या दरीत पूर्वी हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ करवतीने कापत आणि रेल्वेच्या डब्यांत भरत, फळं-भाज्या थंड राहाव्यात म्हणून. गरम पाणी आणि बर्फ, एकाच खोऱ्यात दोन्हींवर रेल्वेने धंदा केला.

संध्याकाळी आजींना आम्ही कास्टान्येदात कॉफीला बोलावलं. व्हरांड्यात बसलो होतो. कास्टान्येदा बंद पडल्यानंतर भाड्याच्या खोल्या आणि कोपऱ्यात एक बार, एवढंच इथे उरलं होतं. खिडक्या फुटक्या, छत गळकं. ॲलन ॲफेल्ट यांनी १९९७ साली ॲरिझोनात विन्स्लोचं ला पोसादा हे हार्वेचं हॉटेल विकत घेऊन वाचवलं होतं. त्यांनी २०१४ साली हे घेतलं, प्लाझाही घेतलं, आणि २०१९ साली कास्टान्येदाचे दिवे पुन्हा लागले. मी विचारलं, मधल्या सत्तर वर्षांत पाडलं कसं नाही? आजी म्हणाल्या, "पाडायला पैसे लागतात." अल्बुकर्की मोठं होत होतं, तिथलं १९०२ सालचं आल्वारादो हॉटेल १९७० साली पाडलं आणि तिथे पार्किंग झालं. इथे पार्किंग कुणाला हवं होतं?

रेल्वे अव्हेन्यूच्या पलीकडची रॉलिन्स इमारत त्यांनी जाताना दाखवली. पुढच्या बाजूला ठशाच्या पत्र्याची नक्षी, वरच्या मजल्यावर हार्वे गर्ल्सच्या खोल्या. रात्री दहाला दार बंद, देखरेखीला एक बाई. "ही तर यांची रनिंग रूम," बाबा म्हणाले. मी भाषांतर केलं: घरापासून लांब, ड्यूटी संपल्यावर पाठ टेकायची जागा. आजींनी बाबांचा हात हातात घेतला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

चौथा दिवस: तीनची गाडी

सकाळ आवराआवरीत गेली. पिन्यॉनच्या बिया घातलेली कॉफी आणि वाळलेल्या लाल मिरच्यांची एक माळ दादासाठी घेतली. माळ कपड्यात गुंडाळून ठेवा, नाहीतर सगळ्या बॅगेला वास लागतो.

या रुळांवरून आता प्रवासी गाड्या दिवसाला दोनच, एक जाणारी नि एक येणारी. बाबा दोन्ही वेळेला रोज अंगणात हजर असत. शेवटच्या दिवशी हॉटेलची रिसेप्शनवरची मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "तुम्ही सांगा, आली का ते." बाबांनी कान दिला, मान हलवली, आणि मिनिटाभराने शिट्टी ऐकू आली.

आम्ही चढलो. खिडकीतून कमानी मागे सरकत गेल्या. बाबांनी घड्याळ बघून डायरी उघडली. वर रॅटनची नोंद होती, खाली त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात नवी ओळ आली: लास वेगास. आगमन ३.०३. सुटली ३.०७. जेवणाची घंटा नाही.